ऑक्टोबर 2018 चा रिकामा रकाना

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात शेवटच्या प्रकरणाआधी एक लांबलचक तक्ता आहे. केज तालुक्यातल्या नऊ गावांमधल्या 38 विहिरी, आणि प्रत्येकीत पाणी जमिनीपासून किती मीटर खाली होतं त्याचे 2017 ते 2021 पर्यंतचे आकडे. त्यात ऑक्टोबर 2018, जानेवारी 2019 आणि मार्च 2019 हे तीन रकाने मोकळे आहेत. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं. "दुष्काळाचं वर्ष हेच, आणि नेमकी हीच मोजणी नाही?" मी म्हणाले, "प्रवास शक्य झाला नाही, सर." शिष्यवृत्ती आली नव्हती, हे खरं उत्तर. पण तोंडी परीक्षेत असलं काही बोलत नसतात.

या विषयाकडे मी वळले ती 2016 च्या एप्रिलमुळे. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, देशभर बातम्या झाल्या. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आमच्या केज तालुक्यात, धनेगावला. ते कोरडं पडलं म्हणून रेल्वे आणावी लागली. धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आम्हाला मात्र कुणी विचारलं नाही की तुमच्या विहिरींचं काय. एमएस्सी पर्यावरणशास्त्र नुकतंच संपलं होतं. म्हटलं, आपणच मोजू.

मोजायला फार काही लागत नाही. एक फीत, तिच्या टोकाला वजन, एक वही, भावाची मोटारसायकल. पण ते ठरल्या वेळी करावं लागतं. आपली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून काम करते. तिच्या निरीक्षण विहिरी राज्यात चार हजारांच्या आसपास आहेत आणि जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजणी होते. मे म्हणजे वर्षाचा तळ, ऑक्टोबर म्हणजे पावसानं किती भरलं त्याचा हिशेब. यातली एक तारीख चुकली की त्या वर्षाचा ताळेबंदच लागत नाही. प्रयोगशाळेतल्या मित्राचं रसायन उशिरा आलं तर त्याचा प्रयोग मार्चऐवजी जूनमध्ये होतो. 2018 चा ऑक्टोबर मला कोण परत आणून देणार?

त्या वर्षी जुलैचा हप्ता मला पुढच्या एप्रिलमध्ये मिळाला. कोणती शिष्यवृत्ती, कोणतं कार्यालय, ते सांगत नाही. दुसरीकडेही हीच तऱ्हा असल्याचं मित्रमैत्रिणींकडून ऐकलंय. प्रगती अहवाल तीन प्रतींत दिला होता. त्यावर एक सही रजेवर गेलेल्या माणसाची हवी होती. तेवढ्यात 31 ऑक्टोबरला सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. माझ्या संशोधनाचा विषय दाराशी येऊन उभा होता आणि मी बारावीच्या मुलांच्या रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेत होते. पेट्रोल पंपावरची उधारी फेडायची होती.

मे 2019 मध्ये पुन्हा विहिरींवर गेले तेव्हा एक आबा म्हणाले, "दिवाळीला यायचं होतंस पोरी. पोळ्याला दीड परस पाणी हुतं. दिवाळीला तळाचे धोंडे मोजता येत हुते." परस म्हणजे उभ्या माणसाची उंची. आबांचा अंदाज चुकला नसणार, उभा जन्म त्या विहिरीवर गेलाय त्यांचा. पण मी तो तक्त्यात कसा लिहू?

शिष्यवृत्तीची चर्चा निघाली की आपल्याकडे फक्त रकमेची होते. रक्कम वाढली आहे, ते मान्य करायला हवं. यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मी सुरुवात केली तेव्हा महिना 25 हजार होती, जानेवारी 2019 पासून 31 हजार झाली आणि जानेवारी 2023 पासून 37 हजार. गावाकडच्या मुलीला ही रक्कम कमी नाही. तिच्याच जोरावर घरचे लग्नाचा विषय दोन-तीन वर्षं पुढे ढकलतात, हे मी स्वतः अनुभवलंय. पण विज्ञान शाखेला वरखर्चासाठी मिळतात ते पहिली दोन वर्षं वर्षाला 12 हजार. महिन्याला हजार रुपये. माझी फेरी 110 किलोमीटरची, महिन्यातून तीनदा. आजच्या भावानं सातशे रुपये पेट्रोलमध्येच गेले. उरलेल्या तीनशेत पाण्याचे नमुने तपासायचे, फीत घ्यायची, आणि ज्यांच्या विहिरीत डोकावतो त्यांच्या पोरांना निदान बिस्किटाचा पुडा न्यायचा. हा आकडा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ग्रंथालयात बसणारा विद्यार्थी असावा.

"विषय फार स्थानिक आहे," असं मला एका मुलाखतीत ऐकवलं गेलं. आता उपग्रहावरून भूजल मोजतात, तू फीत घेऊन काय करणार, असाही सूर होता. उपग्रह मोजतात हे खरंच. 2002 मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीनं उत्तर भारतातलं खालावणारं भूजल जगाला दाखवून दिलं. पण त्यांची नजर साधारण तीनशे किलोमीटरची. एका चौकटीत सगळा मराठवाडा मावेल. आणि आमचा खडक असा की काळा पाषाण, मधे मांजऱ्या खडकाचा थर, वर मुरूम, कुठं भेग आहे कुठं नाही. बांधाच्या अलीकडची विहीर एप्रिलपर्यंत चालते, पलीकडची डिसेंबरात कोरडी. राज्यात दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रं आहेत, म्हणजे सरकारी निरीक्षण विहिरी एका पाणलोटाला सरासरी दोन-तीन. महाराष्ट्राच्या भूजल कायद्याच्या नावात 2009 आहे, पण तो झाला 2013 मध्ये. अटल भूजल योजना 2019 च्या डिसेंबरात आली, सहा हजार कोटींची, सात राज्यांसाठी, त्यात आपणही होतो. गावानं पाण्याचा ताळेबंद मांडावा, ही तिच्या मुळाशी असलेली कल्पना. एवढ्या मोठ्या कारभारात माझ्या 38 विहिरी म्हणजे किती? फार नाहीत. पण एका पाणलोटाला दोन-तीनच्या जागी 38, हे ज्याला तिथं बोअर पाडायचंय त्याला विचारा.

कार्यालयांची बाजूही मला माहीत आहे. शिष्यवृत्ती उचलून पाच वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे मी पाहिलेत, वसतिगृहात माझ्या शेजारच्याच खोलीत अशी एकजण होती. म्हणून तपासणी हवीच. पण तीन प्रतींतला प्रगती अहवाल अशांना कधी पकडत नाही, उलट तो त्यांनाच सगळ्यात छान लिहिता येतो. त्यापेक्षा दर तिमाहीला आकडे मागा. कुठल्या विहिरीवर, कुठल्या तारखेला, किती मीटर. दोन विहिरींवर कुणाला तरी अचानक पाठवून फीत सोडायला सांगा. मग ते आकडे भूजल यंत्रणेच्या नोंदींशेजारी ठेवा, म्हणजे प्रबंध कपाटात गेला तरी मोजणी वाया जाणार नाही.

आणि पैसे ऋतूच्या आधी द्या. मेच्या मोजणीचे एप्रिलमध्ये, ऑक्टोबरच्या मोजणीचे सप्टेंबरमध्ये, फिरण्याचा खर्च वेगळा आणि आगाऊ. अहवालावरची सही राहिली असेल तर पुढच्या हप्त्यातून कापा, चालेल. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीला मुकादम उचल देतो, कारण दसरा झाला की कारखान्यांचा हंगाम कुणासाठी थांबत नाही, हे त्याला कळतं. (मुकादमाचा दाखला मी द्यावा, हे माझ्या आईला आवडणार नाही. तिच्या माहेरचे लोक त्याच उचलीत बुडाले.)

यंदा माझी एक विद्यार्थिनी याच कामाला लागली आहे, माझ्या नऊपैकी चार गावांत. निवड झाल्याचं पत्र तिला मिळालं, पैसे अजून नाहीत. मी तिला माझी जुनी फीत दिली. ती फीत सुरुवातीला तुटलेली आहे, पहिलं मीटर नाहीच, म्हणून वाचलेल्या आकड्यातून एक वजा करायचा, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगितलंय.