कोठाराशेजारचं घर
संस्कृतीचा आरंभ म्हटलं की आपण थेट इजिप्त नाहीतर मोहेंजोदडो गाठतो. या अंकात आम्ही शिरूर तालुक्यातल्या इनामगावी मुक्काम केला आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं आणि घोड नदीकाठचं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. जव पिकवणारं, पाटाने पाणी वळवणारं. मेलेलं मूल दोन मडक्यांची तोंडं जुळवून घरातच पुरायचे. मोठ्यांची पावलं मात्र घोट्यापासून तोडलेली. मला त्याहून बोलकं वाटतं ते पाच खोल्यांचं एक घर. शेजारीच धान्याचं कोठार! पुढाऱ्याचंच असणार, दुसऱ्या कोणाचं? पुढे पाऊस रोडावला, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि इ.स.पू. ७००च्या सुमारास गाव उठलं.