केकमध्ये काय आहे, हे जरूर विचारा

उरुग्वे या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या देशात पायसान्दू नावाचं शहर आहे. तिथल्या एका मिठाईच्या दुकानात १९२७ साली ओर्लांदो कास्तेयानो यांनी एक केक केला आणि त्याला 'चाहा' या तिकडच्या पक्ष्याचं नाव दिलं. पक्षी दिसायला थोराड, पण त्याच्या कातडीखाली हवेचे बारीक फुगे असतात. केकही तसाच, दिसायला मोठा आणि खायला हलका. मी काळेवाडीत घरगुती केकच्या ऑर्डरी घेते, आणि सध्या मला हा केक करायला सगळ्यात जास्त आवडतो.

कृती अवघड नाही, पण निगुतीची आहे. चार अंड्यांचा पांढरा भाग वेगळा करायचा. त्यात पिवळ्याचा थेंबही जाता कामा नये, नाहीतर फेस धरत नाही. फेटता फेटता थोडी थोडी करून २०० ग्रॅम पिठीसाखर घालायची. घट्ट, चकचकीत फेस झाला की त्याचे छोटे गोळे ट्रेवर सोडायचे आणि १०० अंशांवर दीडेक तास वाळवायचे. याला मेरिंग म्हणतात. मग साध्या स्पंज केकचे थर, त्यावर साखरपाणी, फेटलेलं क्रीम, मेरिंगचा चुरा आणि पीचच्या फोडी. सगळ्या बाजूंनी पुन्हा क्रीम आणि मेरिंगचे तुकडे. आंब्याच्या दिवसांत मी पीचऐवजी हापूस घालते. पावसाळ्यात मात्र मेरिंग हवेतल्या ओलाव्याने चिकट होतं, म्हणून केक द्यायच्या अगदी आधी थर लावते.

या केकचा जीव अंड्यात आहे. त्यामुळे "अंडं आहे का?" हा प्रश्न मला रोज येतो. मला तो आवडतो. कुणाचा उपवास असतो, कुणी शाकाहारी असतं, कुणाला अंड्याची अ‍ॅलर्जी असते. काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटूनही असाच फेस येतो. बिनअंड्याच्या ऑर्डरीसाठी मी तेच वापरते, त्याची भांडीही वेगळी ठेवली आहेत. आपल्या लोकांचे प्रश्न वेगळे असतात. क्रीममध्ये जिलेटिन आहे का, आणि असेल तर कशाचं? इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का? तेही रास्तच. खाणाऱ्याला पोटात काय जातंय ते कळायलाच हवं, आणि खरं सांगणं हे विकणाऱ्याचं इमान आहे.

पण हल्ली आणखी एक प्रश्न येतो. वाढदिवसाच्या एका ऑर्डरीसाठी बाईंनी सगळं विचारलं, बिनअंड्याचा केक ठरला, किंमत ठरली. शेवटी त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं पूर्ण नाव काय?" मी सांगितलं. संध्याकाळी निरोप आला, केक नको. कारण दिलं नव्हतं, आणि ते विचारायची मला गरजही वाटली नाही.

नाव हा केकमधला जिन्नस नाही. आणि जिन्नसांचाच वंश काढायचा तर आषाढी एकादशीची थाळी घ्या. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आमच्या आकुर्डीत मुक्काम करते. तेव्हा घरोघरी साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. चाकणच्या बाजारात पोत्यांनी उतरणारा बटाटा अँडीज पर्वतातला, आणि मिरचीही त्याच खंडांतून आलेली. पोर्तुगिजांच्या काळात हे सगळं इकडे आलं आणि उपवासालाही चाललं. कुणी त्याचं पूर्ण नाव विचारलं नाही.

हे फक्त दुसऱ्यांना सांगून भागणार नाही. आपल्या मोहल्ल्यातही अशी माणसं आहेत, जी शेजाऱ्यांनी दिवाळीला पाठवलेलं फराळाचं ताट घेतात आणि न खाता बाजूला ठेवतात. करंजीत काय आहे हे त्यांनी विचारलेलंही नसतं. ती कुणाच्या घरातून आली, एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं. ईदचा शिरखुर्मा शेजाऱ्यांनी खावा असं वाटत असेल, तर आधी त्यांची करंजी तोंडात घालावी लागेल.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने बिहारपासून बीडपर्यंतच्या माणसांनी चालतात. असेंब्ली लाइनवर बोल्ट कुणी आवळला हे गाडी घेणारा विचारत नाही, नीट आवळलाय का एवढंच पाहतो. केकलाही हाच न्याय लावा. अंडं, जिलेटिन, साखर, स्वच्छता, ताजेपणा, सगळं खोदून विचारा. स्वयंपाकघर बघायचं असेल तर घरी या. चहा मीच ठेवीन.