कणकेच्या पाटावरचा सुपरमॅन

'मुलगा अभ्यास सोडून चित्रांची पुस्तकं वाचत बसतो, काय करावं?' असं मला पुष्कळ जणी विचारतात. आणि माझं उत्तर ऐकून नाराज होतात, कारण मी स्वतःच त्यातली! इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली मुंबईत सुरू झाली, पुढे मराठीतही निघू लागली. वेताळाच्या त्या पातळ पुस्तकांवरून भावंडांची मारामारी झाली नाही, असं घर आमच्या आळीत तरी नव्हतं. सुपरमॅन त्यात नसायचा. तो भेटला जुन्या पुस्तकांच्या गाडीवर, इंग्रजीतून, अर्धा समजला, अर्धा चित्रांवरून ओळखला. आज लिहायचंय ते त्याच्याविषयी आणि त्याहून जास्त त्याला जन्म देणाऱ्या दोघांविषयी.

अमेरिकेतलं क्लीव्हलँड शहर. काळ १९३० नंतरचा, मंदीचा. जेरी सीगल आणि ज्यो शूस्टर हे एकाच शाळेतले, ज्यू घरांतले दोन बुजरे मुलगे. जेरीच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान. १९३२ साली दुकानात चोर शिरले आणि त्या प्रकारातच वडिलांचं हृदय बंद पडलं. पुढे या मुलाने ज्याला गोळीसुद्धा लागत नाही असा माणूस कल्पनेत उभा केला. अभ्यासक या दोन गोष्टींचा संबंध लावतात. मलाही तो पटतो.

जेरी लिहायचा, ज्यो चित्रं काढायचा. ज्योची नजर अधू, घरात पैशाची चणचण. कागद परवडेना म्हणून पुड्याचा कागद, भिंतीला लावायच्या कागदाची पाठकोरी बाजू, हाती लागेल ते वापरायचं. आणि चित्रं काढायला टेबल कुठलं? आई ज्या लाकडी पाटावर पावाची कणीक मळायची, तोच पाट! शुक्रवारी मात्र पाट आईचा. त्या संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो, त्यासाठीचा पाव करायचा असे. (अलिबाग-पेणकडच्या मैत्रिणींना शब्बाथ वेगळा सांगायला नको. शनवार तेल्यांच्या शेजारी त्या वाढल्या आहेत.) मला तर ही गोष्ट सुपरमॅनच्या उडीपेक्षा जास्त आवडते.

बरं, पहिला सुपरमॅन उडतही नव्हता. नुसत्या लांब उड्या मारायचा. जून १९३८ च्या अंकात, दहा सेंटच्या 'ॲक्शन कॉमिक्स'मध्ये, तेरा पानांत तो प्रथम आला. त्या तेरा पानांत तो करतो काय? खुनाच्या खोट्या आरोपावरून देहदंड होणार असलेल्या एका बाईला वाचवतो. बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला भिंतीवर आपटतो. हो, अगदी पहिल्याच अंकात! पुढच्या काही अंकांत तो खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून मजुरांचे हाल दाखवतो आणि शस्त्रं विकून गबर झालेल्या कारखानदाराला लढाईवर पाठवतो. नंतरच्या काळात तो परग्रहावरच्या राक्षसांशी लढू लागला, पण माझं मन काही त्यात रमलं नाही. खरा सुपरमॅन तो पहिल्या दोन-तीन वर्षांतलाच.

आणि लोइस लेन! वर्तमानपत्रात नोकरी करणारी, दिवसभर रडक्या गोष्टी लिहून वैतागलेली, अंगचटीला आलेल्या गुंडाच्या थोबाडीत ठेवून देणारी. तिचं चित्र काढायला ज्योसमोर बसायची ती जोआन. शाळकरी वयात तिने घरच्या अडचणीपायी 'मॉडेलचं काम हवं' अशी छोटी जाहिरात दिली होती. १९४८ साली तिचं जेरीशी लग्न झालं. तिच्याकडे पुन्हा येऊच.

सुपरमॅन विकला गेला तो एकशे तीस डॉलरांना. पानाला दहा डॉलर, तेरा पानं, हिशेब सरळ! मार्च १९३८ मध्ये दोघांनी सही केली आणि सुपरमॅनवरचे सगळे हक्क प्रकाशकाचे झाले. त्या चेकवर दोघांची नावंसुद्धा धड लिहिलेली नव्हती. सगळा दोष प्रकाशकाच्या माथी मारावा असंही नाही. पुढची काही वर्षं दोघांना काम मिळालं, पैसाही बरा मिळाला. पण रेडिओ, खेळणी, सिनेमा यांतून जे धन वाहू लागलं त्यात त्यांचा वाटा नव्हता. १९४७ साली ते कोर्टात गेले. तडजोडीची रक्कम हाती आली आणि चित्रकथेवरून त्यांची नावं गेली.

मग वाईट वर्षं. ज्योंची दृष्टी जवळजवळ गेली. जेरी कॅलिफोर्नियात सरकारी कचेरीत टपालाची कारकुनी करू लागले. घरोघरची मुलं सुपरमॅन वाचताहेत आणि त्याचा जनक पाकिटं लावतो आहे! १९७५ साली सुपरमॅनवर मोठा सिनेमा निघणार असं जाहीर झालं, तेव्हा जेरींनी वर्तमानपत्रांना खरमरीत पत्र धाडलं. नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन असे नव्या-जुन्या पिढीचे चित्रकार पाठीशी उभे राहिले. डिसेंबरात कंपनी नमली. दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च मिळू लागला. मुख्य म्हणजे नावं परत आली. १९७८ च्या सिनेमात ती पडद्यावर झळकली आणि आजही झळकतात.

ज्यो १९९२ मध्ये गेले, जेरी १९९६ मध्ये. जोआनबाई गप्प बसल्या नाहीत. ऐंशीच्या घरात, मुलीला बरोबर घेऊन, त्यांनी कायद्याने हक्क परत मागितले. २००८ साली कोर्टाने त्यांच्या बाजूने कौलही दिला. २०११ साली त्या वारल्या, आणि दोन वर्षांनी वरच्या कोर्टात निकाल फिरला. आधी झालेली तडजोड पक्की धरून कंपनी जिंकली. मला विचाराल तर लोइस लेनचं काम या बाईने शेवटपर्यंत केलं.

आता पोटमाळ्याकडे वळू. आई गेल्यावर घर आवरताना कॅलिफोर्नियातल्या तिघा भावांना माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली, १९३९ चा 'सुपरमॅन'चा पहिला अंक सापडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ९१ लाख डॉलरांवर गेला. आपल्या माळ्यावर एवढं घबाड निघायचं नाही, तरी इंद्रजालचे जुने अंक हौसेने घेणारे लोक आहेत. तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी गठ्ठा एकदा सोडून पाहा. फाटलेल्या पानांना सेलोटेप मुळीच लावू नका, काही वर्षांत पान पिवळं पडून चिकटतं. अंक आडवे, सपाट ठेवा, उन्हापासून आणि ओल्या भिंतीपासून लांब. पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्या. तेवढ्यात मुलं एखादा पळवतीलच, पळवू द्या.