रोज वाढला, काम कुठं गेलं?

बोर्डावर बारा रुपये लिहिलेत आणि घरात पीठ नाही, असा सवाल गेल्या बैठकीत एका म्हाताऱ्या बाईनं केला. तिला कुणीच धड उत्तर दिलं नाही. आम्हीही नाही. म्हणून हा लेख.

मे १९८८ मध्ये सरकारनं शेतमजुरीचे किमान दर वाढवले. सगळ्यात खालच्या परिमंडळात सहाचे बारा झाले. रोजगार हमीचा दर या किमान मजुरीला बांधलेला असल्यामुळे हमीवरचा रोजही दुप्पट झाला. आपण मोर्चे काढले होते, घोषणा दिल्या होत्या, तेव्हा गुलाल उधळण्याचा हक्क आपला होताच. त्या वेळी गावातले मोठे जमीनवाले म्हणत होते, "आता बघा, मजुरी वाढली की कामंच बंद पडतील." आपण त्यांना हसलो. कामं बंद पडली खरी, पण त्यांच्या शेतातली नव्हे. सरकारची पडली.

हे नीट समजून घ्यायला पाहिजे. मालकाच्या शेतात बारा रुपये कायद्यानं आले, पण हातात आले नाहीत. खुरपणीला बाईचा रोज आजही गावानुसार, मालकानुसार आणि बाईच्या गरजेनुसार ठरतो. पुरुषाला जास्त, बाईला कमी, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यानंतरही चालूच आहे. तपासायला येणारा अधिकारी मालकाच्या ओसरीवर चहा पितो आणि त्याच्याच वहीवर सही करतो. ज्या शेतात वाढ पोचलीच नाही, तिथं वाढीमुळे काम कमी झालं असं म्हणायला जागा नाही.

वाढ खरोखर मिळाली ती हमीवर. तिथं बाईला आणि पुरुषाला मापाचा दर एकच, आणि तो असा बसवायचा की साध्या ताकदीच्या माणसानं सात तास मन लावून काम केलं तर किमान मजुरी पडावी. बारा रुपये ऐकून नाला-बांधावर आणि पाझर तलावावर माणसं लोटली. सरकारनं काय केलं? जुनी कामं संपली, नवी उघडलीच नाहीत. राज्यभरातले हमीचे मनुष्यदिवस १९८७-८८ मध्ये होते त्याच्या जवळजवळ निम्म्यावर पुढच्या साली आले.

साहेब लोक म्हणतात, ८७ ला दुष्काळ होता, ८८ ला पाऊस चांगला झाला, मजुरांना शेतात काम मिळालं, म्हणून हमीवर कुणी आलं नाही. यात थोडं खरं आहे, ते नाकारू नये. ८८ चा पाऊस आपण सगळ्यांनी पाहिला. पण मग त्याच्या पुढच्या वर्षीही आकडा वर का आला नाही? आणि काम नको होतं, तर तहसीलच्या पायरीवर नमुना ४ भरून बसलेल्या बाया कोण होत्या?

आता हिशेब मांडा. रोज दुप्पट, काम निम्मं. बारा गुणिले अर्धं म्हणजे सहाच. वस्तीत येणारा एकूण पैसा होता तिथंच राहिला, पण वाटणी बदलली. आधी सगळ्यांना थोडं मिळायचं, आता काहींना बरं मिळतं आणि काहींना काहीच नाही. मस्टरवर नाव कुणाचं लागतं? जो मुकादमाच्या आळीत राहतो त्याचं. भिल्ल वस्ती गावाबाहेर, तिथं निरोप पोचेपर्यंत पन्नास नावं भरलेली असतात. म्हातारी, बाळंतीण, एकटी बाई मागं राहते. ती सवाल करणारी बाई यातलीच.

म्हणजे मजुरी वाढवायला नको होती का? नाही. सहा रुपयांत आणखी दहा वर्षं राबवणं ही वेठच झाली असती. किमान मजुरीपेक्षा कमी देऊन राबवणं म्हणजे सक्तीची मजुरी, असं सुप्रीम कोर्टानं १९८३ साली राजस्थानच्या दुष्काळी कामांच्या खटल्यात सांगितलं आहे. आपली चूक दुसरी. आपण दरावर लढलो आणि कामाच्या हमीकडे पाठ केली. कायदा म्हणतो, मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम द्या, नाही तर बेकारभत्ता द्या. भत्ता तेव्हा किती होता? कमीत कमी एक रुपया. काम दिलं तर सरकारला बारा रुपये पडायचे, नाही दिलं तर एक, आणि तोही कुणी मागत नव्हतं. अशा हिशेबात कुठला अधिकारी काम उघडील? मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर मात्र कापला जातोच, आणि तो याच योजनेसाठी आहे. भत्ता मजुरीशी बांधा, निदान निम्मा करा, ही मागणी तेव्हा पहिल्या नंबरला पाहिजे होती.

शेतकरी संघटनेची माणसं सांगतात, आधी शेतमालाला रास्त भाव द्या, मग मजुरी आपोआप वाढेल. कोरडवाहू पाच एकरवाल्याचं दुखणं आम्हाला कळतं, तोही उन्हाळ्यात आपल्याच शेजारी माती उचलतो. पण मजुरी आपोआप वाढत नाही. मालक अडला की वाढते. जालन्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर बघा. कपाशीचं फूल संध्याकाळी सोलायचं आणि सकाळी त्यावर पराग धरायचा, त्याला उद्या म्हणून चालत नाही. त्या दिवसांत बाईशी रोजावरून कुणी फार घासाघीस करत नाही. खुरपणी चार दिवस थांबते, तिथं बाईच अडलेली असते.

मग बाई अडू नये यासाठी काय लागतं? एक म्हणजे हमीचं काम. दुसरी जमीन. ज्या घरानं गायरानात दोन एकर धरलंय, बाजरी-तूर पेरलीय, ते घर पेरणीच्या दिवसांत कमी रोजावर कुणाच्या बांधावर जात नाही. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याच्या भिल्लांनी १९७२ पासून सालदारांच्या मजुरीचा आणि हिसकावलेल्या जमिनीचा लढा एकत्रच चालवला, तो यासाठी. गावातले बडे लोक गायरानावरून एवढे का भडकतात? गुरांच्या चाऱ्याची काळजी म्हणतात. गुरं तर आपलीही आहेत. त्यांना स्वस्त गडी जाण्याची काळजी आहे.

२८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय आला होता. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं त्यानुसार नियमित करायची होती. तलाठ्याच्या १-ई च्या नोंदवहीत नाव आहे का ते प्रत्येकानं स्वतः बघावं, "आहे" म्हणून सांगितलं की मान हलवून परत येऊ नये. नमुना ४ पन्नास जणांनी मिळून भरावा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. येत्या बैठकीला येताना ती पोच आणा, आणि गायरानाच्या दंडाच्या जुन्या पावत्याही आणा, फाटक्या असल्या तरी. दोन्हीची यादी एकाच वहीत लिहायची आहे.