वर्षभराच्या पदवीवर वावर लावायचे का?



अलीकडे गावोगावच्या बैठकांत कापसाच्या भावाबरोबर आणखी एका मालाचा भाव विचारला जातो. घरात बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग झालेला मुलगा आहे, मुलगी आहे. जिल्ह्याच्या गावी एजंटाची पाटी लागलेली आहे. एजंट सांगतो, परदेशात एका वर्षाची मास्टर्स करा, त्यावर दोन-तीन वर्षे काम करण्याचा परवाना मिळतो, आणि त्यातून पुढे कायम राहण्याचा, म्हणजे पीआर. पंचवीस-तीस लाखांचा मामला आहे. थोडे वावर काढा आणि पोराला या खातेऱ्यातून बाहेर काढा. मग आम्हाला विचारणा होते, संघटनेचे यावर मत काय?

पहिले मत सांगायला वेळ लागत नाही. ज्याला जायचे त्याने जावे. ज्या धंद्यात घातलेला खर्च निघत नाही त्यातून बाहेर पडणे हा शहाणपणा आहे, बेइमानी नाही. १९६५ साली अमेरिकेने आपला कायदा बदलला, तेव्हापासून शहरातल्या डॉक्टर-इंजिनिअरांची रांग लागली. सरकारी खर्चाने शिकून ते गेले आणि त्यांच्या आईबापांनी दिवाणखान्यात फोटो लावले. तेव्हा देशाचे काय होणार म्हणून कोणी फार रडले नाही. शेतकऱ्याचे पोर निघाले की मात्र सगळ्यांना काळी आई आठवते. कापूस परदेशी जायला हवा, कांदा जायला हवा, असे आपण म्हणतो. मग माणसाने जाऊ नये असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

शरद जोशी १९७७ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नची नोकरी सोडून परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. त्यांनी केलेली मुख्य गोष्ट म्हणजे शेतीचा जमाखर्च मांडला. शेतकरी आळशी म्हणून नव्हे, धोरणच तसे म्हणून शेती तोट्यात आहे, हे त्या जमाखर्चातून निघाले. तोच कागद आता या पदवीपुढे धरायचा आहे. जाण्याला आमची हरकत नाही. ज्या किमतीला आणि ज्या भरवशावर पाठवले जात आहे, त्याला आहे.

एजंट विकतो काय, हे आधी नीट पाहा. त्याच्या दुकानात पदवी नावाचा माल आहे, पण गिऱ्हाईक पदवीसाठी आलेले नसते. पदवीच्या मागे जो दरवाजा आहे त्यासाठी आलेले असते. तो दरवाजा एजंटाचा नाही, फी घेणाऱ्या विद्यापीठाचाही नाही. तो तिथल्या सरकारचा आहे आणि तो केव्हा किती उघडायचा हे ते सरकार आपल्या मतदाराकडे पाहून ठरवते.

इंग्लंडचे घ्या, कारण एका वर्षाच्या मास्टर्सची मोठी पेठ तीच. शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची मोकळीक तिथे होती, ती २०१२ च्या एप्रिलमध्ये बंद झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा दोन वर्षांचा परवाना सुरू झाला आणि इकडे पाट्या लागल्या. १ जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या वर्गात बसणाऱ्याला नवरा-बायको-मुले सोबत नेण्याची बंदी आली. परवाना संपल्यावर राहायचे तर कंपनीने पुरस्कृत केलेली नोकरी लागते आणि तिला पगाराची किमान पातळी लागते. ती सर्वसाधारण पातळी २०२४ च्या एप्रिलमध्ये वर्षाला २६,२०० पौंडांवरून एका झटक्यात ३८,७०० वर नेली आणि २०२५ च्या जुलैत ४१,७०० केली. नवशिक्याला ३३,४०० ची सवलत ठेवली खरी, पण ती चार वर्षांपुरती, आणि पदवीनंतरच्या परवान्याचा काळ त्या चारांतच मोजला जातो. कायम राहण्यासाठी जी वर्षे भरावी लागतात त्यांत मात्र हा काळ धरला जात नाही! ती वर्षे पाच होती. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने श्वेतपत्रिका काढून सर्वसाधारणपणे दहा करण्याचा विचार मांडला. आणि दोन वर्षांचा तो परवाना, मास्टर्सवाल्यांपैकी जे १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करतील त्यांच्यासाठी अठरा महिन्यांचा.

पेरताना एक नियम आणि वेचणीला दुसरा, हे आपल्याला नवे आहे काय? ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात रातोरात बंद झाली, तेव्हा माल आपल्या घरात होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पऱ्हाटी फुलावर असताना कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क उठवले आणि मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आपला माल बाजारात यायच्या दिवसांत. दिल्लीने केले की आपण रस्त्यावर येतो, मंत्र्याला अडवतो. लंडनला आणि ओटावाला कोण अडवणार? तिथे आपले मत नाही.

कॅनडाची कथा अधिक शिकण्यासारखी आहे, कारण तिथे दरवाजाचा एक पट उघडला आणि दुसरा लोटला गेला. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने दोन वर्षांहून कमी मुदतीच्या मास्टर्सलाही तीन वर्षांचा काम-परवाना द्यायचे ठरवले. एजंट हे छापून वाटतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २०२५ साली किती लोकांना पीआर द्यायचा तो आकडा पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणला, हे छापत नाहीत. पीआर तिथे गुणांवर मिळतो. १३ फेब्रुवारी २०२१ ला, कॅनडात काम केलेल्यांच्या रांगेत, ७५ गुणवाल्यांनाही बोलावणे आले. २०२५ साली त्याच रांगेला पाचशेहून अधिक गुण लागले.

आता गुणांची बेरीज आपणच करू, कारण ती लपवलेली नाही. लग्न न झालेला, तिशीच्या आतला उमेदवार धरा. वयाचे ११०. मास्टर्सचे १३५. इंग्रजी चांगले, चारही परीक्षांत वरच्या पायरीचे, १२४. कॅनडात एक वर्ष काम, ४०. शिक्षण आणि भाषा जुळल्याचे ५०. तिथे मास्टर्स केल्याचे ३०. झाले ४८९. सगळे मनासारखे घडून ४८९! इंग्रजी आणखी एक पायरी वर असेल तर ५०१. पूर्वी पक्क्या नोकरीच्या पत्राला वेगळे गुण होते, तेही २०२५ च्या मार्चमध्ये काढून टाकले.

या बेरजेत एक गोष्ट नजरेत भरते. साध्या पदवीला १२० आणि मास्टर्सला १३५; नुसत्या शिक्षणाच्या रकान्यात अंतर पंधराचे. भाषेच्या एका पायरीला बारा गुण. म्हणजे वीस लाखांची पदवी आणि घरी बसून दोन वर्षे घासलेले इंग्रजी यांच्या वजनात एजंट सांगतो तेवढा फरक नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजीचे काय होते ते आपण जाणतो. पोराच्या पायात दगड तिथे बांधला गेला आणि तो सोडवायला वावर विकायचे.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. पदवीनंतर एक वर्ष काम, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन. पुढच्या एच-वन-बी परवान्याच्या वर्षाला ८५,००० जागा, आणि मागणारे त्याहून कितीतरी अधिक म्हणून सोडत. २०२५ च्या सप्टेंबरात बाहेर देशातून आणायच्या नव्या माणसासाठी कंपनीवर एक लाख डॉलरचा आकार बसवला. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग काही प्रकारांत कित्येक दशकांची झाली आहे.

आता घरचा जमाखर्च. इंग्लंडमध्ये पंधरा हजार पौंडांची फी फार मोठी समजली जात नाही. २०२५ च्या सुरुवातीच्या नियमाने लंडनबाहेर राहण्यासाठी महिना १,१३६ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे बँकेत दाखवावे लागत. पौंड ११० रुपयांचा धरला तर फीचे साडेसोळा लाख, राहण्याचे सव्वाअकरा लाख. व्हिसा, आरोग्याचा आकार, विमान धरून तीस लाख होतात. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तीस लाख म्हणजे ३७० क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल उतारा आला तर ७४ एकरांचे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा एक पैसा वजा न करता. आणि सिलिंगच्या कायद्याने कोरडवाहू जमीन ठेवायची हद्द आहे ५४ एकर! म्हणजे सरकारने जेवढी जमीन ठेवायची मुभा दिली आहे तेवढ्या सगळ्या जमिनीचा एका हंगामाचा कापूस घातला तरी ही एक वर्षाची पदवी येत नाही. ज्वारीचा हिशेब आम्ही मांडत नाही, वाचणाऱ्याला वाईट वाटेल.

मग पैसा येतो कुठून? शिक्षणाच्या मोठ्या कर्जाला बँक तारण मागते. शहरातला बाप फ्लॅटचे कागद ठेवतो. शेतकरी सातबारा घेऊन गेला की साहेब मान हलवतो, कारण बँकांच्या २००२ च्या वसुली कायद्याचा हात शेतजमिनीपर्यंत पोचत नाही. ही सूट जप्तीपासून आपले रक्षण करते, ती काढा असे आम्ही म्हणणार नाही. पण मग विक्री तरी धड होऊ द्या. विदर्भाचा, मराठवाड्याचा, पश्चिम महाराष्ट्राचा, तिन्ही कुळकायद्यांनी शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. ज्याच्याकडे आधीच जमीन आहे त्याला सिलिंग आडवे येते. मग घ्यायला उरतो कोण? शेजारचा, आपल्याइतकाच खंगलेला. नाहीतर सावकार, जो खरेदीखताच्या नावाखाली गहाण लिहून घेतो. कारखानदाराला तोट्यातला कारखाना बाजारभावाने विकून दुसऱ्या धंद्यात शिरता येते. शेतकऱ्याला तोट्यातून बाहेर पडायचे तर पडत्या भावाने वावर द्यावे लागते. एजंटाच्या एका वर्षाच्या पदवीला गिऱ्हाईक मिळते ते या कोंडीमुळे. बाहेर पडायचे चार सरळ रस्ते बुजवले की माणूस भिंतीतल्या भोकातून निघतो.

पंजाबने हे सगळे आपल्या आधी केले. तिथे इंग्रजीच्या परीक्षेत पास झालेली सून शोधून, तिच्या शिक्षणाचा खर्च करून, तिच्यामागे मुलगा पाठवण्याचे व्यवहार झाले. २०२३ साली कॅनडात तिथल्या कित्येक मुलांच्या हातात नोटिसा पडल्या, कारण एजंटाने दिलेली प्रवेशपत्रेच खोटी होती. ती पोरे शिकली होती, कामालाही लागली होती.

कमी मुदतीच्या पदवीचा आणखी एक गुण शेतकऱ्याला लवकर कळेल. कमी दिवसांचे वाण पाऊस लवकर गेला तर साधते, पण नेमक्या फुलाच्या वेळी खंड पडला की त्याला सावरायला दिवस उरत नाहीत. एका वर्षाच्या वर्गाचे तसेच आहे. पहिले तीन महिने खोली शोधण्यात आणि हॉटेलात आठवड्याला वीस तासांचे काम मिळवण्यात जातात. नोकरीचे अर्ज त्याच महिन्यांत करायचे असतात. ज्याने आधी इथे दोन-तीन वर्षे आपल्या विषयाचे काम केले आहे, तो टिकतो. कोरा गेलेला कोराच राहतो आणि तीस लाखांवर अकरा टक्क्यांनी महिन्याला साडेसत्तावीस हजारांचे नुसते व्याज धावत असते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की हिशेब पीआर मिळणार नाही असे धरूनच करा. दोन वर्षांनी पोर परत आले, तर त्या पदवीला पुण्या-नागपुरात महिना किती मिळतील? त्यातून हप्ता फिटत असेल तर बेशक पाठवा, पीआर मिळाला तर तो बोनस. फिटत नसेल तर तुम्ही शिक्षणाला पैसे लावत नाही, सट्टा लावता आहात. कापसाचा सट्टा आपण दरसाल खेळतोच, पण त्यात वावर तरी मागे राहते.

आणि हा हिशेब पुरुषांनी ओसरीवर बसून उरकू नये. लक्ष्मीमुक्तीत ज्यांनी घरधनिणीच्या नावे जमीन केली, त्यांच्या घरी विक्रीच्या कागदावर तिची सही लागते. सहीपुरते बोलावण्यापेक्षा बेरजेच्या वेळी बोलवा. मुलासाठी दोन एकर काढायला निघालेले घर मुलीचे नाव निघाले की गप्प का होते, हेही तीच विचारील.

जिल्हा मेळाव्याला येताना ज्यांच्या घरी असे प्रकरण चालू आहे त्यांनी कागद सोबत आणावेत: प्रवेशपत्र, कर्जाचे मंजुरीपत्र, एजंटाची पावती. व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, आणि विद्यापीठाकडून एजंटाला दलाली किती, हे दोन प्रश्न त्याला लेखी विचारून या; तोंडी उत्तर आणू नका. शेतजमिनीच्या खरेदीवरील बंधने आणि सिलिंग उठवण्याचा ठराव दुपारी मांडायचा आहे. जमीन मोकळी झाली तर धनदांडगे गिळतील असे काही कार्यकर्त्यांना वाटते. त्यांनी ते तिथे उभे राहून मांडावे, वेळ राखून ठेवलेला आहे.