वीस तासांचा हिशेब

परवा आष्टीला गेले होते. नात्यातल्या एका वहिनींचा मुलगा यंदा इंजिनिअर झाला आणि आता एमएससी करायला इंग्लंडला निघालाय. घरात आनंदीआनंद. चहा घेता घेता वहिनी म्हणाल्या, "फी तेवढी आपण भरायची हो, बाकी तिकडं काम करून तो भागवणार. वरून हप्ते पण पाठवील, असं एजंट म्हणाला." शेत आहे, पण शैक्षणिक कर्जाला शेतजमीन बहुतेक बँका तारण घेत नाहीत. म्हणून परतूरला बांधलेलं घर तारण द्यायचं ठरलं होतं. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे कागदावर वहिनींची सही लागणार होती.

मी एवढंच विचारलं, "वहिनी, तिकडं किती तास काम करू देतात, ते विचारलंत का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

मैत्रिणींनो, मुलामुलींना परदेशी पाठवण्याचं वारं आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही, ते आपल्या गावापर्यंत आलंय. म्हणून हे नियम आपणच समजून घेतलेले बरे.

इंग्लंडमध्ये पदवी किंवा त्यापुढचं शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हींची बेरीज २० च्या आत हवी. या आठवड्यात १० तास केले म्हणून पुढच्या आठवड्यात ३० करता येत नाहीत. सुट्टीत पूर्ण वेळ काम चालतं खरं, पण एक वर्षाच्या एमएससीला उन्हाळ्यात प्रबंधाचं काम असतं, आणि तो काळ सहसा सुट्टीत धरत नाहीत. स्वतःचा धंदा करायला तर बंदीच आहे. मोबाइलवरून ऑर्डर घेऊन घरोघरी जेवण पोचवण्याची कामं बहुधा 'स्वतःचा धंदा' या सदरात येतात. दुसऱ्याच्या नावावर ती करणारी मुलं सापडली की व्हिसाच धोक्यात येतो.

आता बेरीज करू. एप्रिल २०२५ मध्ये तिथला २१ वर्षांवरच्यांचा किमान दर तासाला १२.२१ पौंड झाला. २० तासांचे झाले २४४ पौंड, चार आठवड्यांचे ९७७. आणि लंडनबाहेर राहायला महिन्याला ११७१ पौंड लागतात असं तिथलं सरकारच धरतं. नोव्हेंबर २०२५ पासून व्हिसासाठी नऊ महिन्यांचे एवढे पैसे आधी दाखवावे लागतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम मिळालं, एकही खाडा झाला नाही, तरी खाण्याराहण्याचंच पुरतं भागत नाही. पुढे दर थोडाफार वाढला तरी चित्र तेच. मग फी आणि हप्ता कुठून निघणार? एजंट हे सांगत नाही, कारण बऱ्याच एजंटांना विद्यापीठाकडून प्रवेशामागे कमिशन असतं.

इतर देशांचंही थोडक्यात पाहू. अमेरिकेत शिकताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला २० तास काम करता येतं. बाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते आणि पहिल्या वर्षी ती सहसा मिळत नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस.

यात कॅनडाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोरोनानंतर तिथं कामाला माणसं मिळेनात, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारनं २० तासांची अटच उठवली. मुलं पूर्ण वेळ काम करू लागली, इकडे त्या भरवशावर कर्जं निघाली. मग तिथं घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, लोक चिडले. २०२४ च्या जानेवारीत नव्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली आणि एप्रिलअखेर कामाची सवलतही संपली. ऑस्ट्रेलियातही असंच झालं. हे नियम त्या देशाच्या गरजेप्रमाणे सैल होतात आणि आवळले जातात. आपला हप्ता मात्र तेवढाच राहतो.

शिक्षणानंतरच्या कामाचंही तसंच. इंग्लंडमध्ये पदवीनंतर दोन वर्षं राहून नोकरी करण्याची सोय २०२१ मध्ये सुरू झाली. पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दीड वर्षच मिळणार, पीएचडीवाले सोडून. आज जाणाऱ्या मुलानं हे धरूनच चालायला हवं.

आणखी एक गोष्ट, मुलीच्या आयांसाठी. "मुलगा फॉरेनला शिकतोय, मुलीलाही तिकडं नोकरी मिळेल," असं सांगत स्थळं येतात. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम सोडले तर साध्या एमएससीवाल्याला बायकोला सोबत नेताच येत नाही. कॅनडात जानेवारी २०२५ पासून नवरा किमान १६ महिन्यांची मास्टर्स, पीएचडी किंवा ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रम करत असेल तरच बायकोला कामाचा परवाना मिळतो. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या बायकोला काम करायची परवानगीच नाही. आपली शिकलेली लेक तिथं चार भिंतींत बसणार का, हे साखरपुड्याआधी विचारायला लाज कसली?

मग पाठवायचंच नाही का? तसं मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. नोकरी करून पैसे साठवून १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि शिक्षण पुरं केलं. पैशाची सोय आधी, हे इतक्या मोठ्या माणसालाही चुकलं नाही. आज अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्गीयांसाठी आणि 'सारथी'मार्फत मराठा समाजासाठीही वेगळ्या योजना आहेत. जागा थोड्या आणि नामांकित विद्यापीठात प्रवेश हवा, पण एजंटाकडे जाण्याआधी जालन्याला जाऊन चौकशी करायला काय हरकत आहे?

आणि कर्जच काढायचं असेल तर सही करण्याआधी एवढं विचारा. काम मिळालंच नाही तर वर्षभर पोरगा कशावर राहील? हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, ते किती होईल? आणि नोकरी न मिळता तो परत आला, तर इथल्या पगारात हप्ता निघेल का?

वहिनींनी त्या दिवशी सही केली नाही. मुलाला म्हणाल्या, "एजंटाचं राहू दे. तूच नेटवर नियम बघ आणि सगळा खर्च कागदावर मांडून मला दाखव." पोरगं आधी फुरंगटलं, मग वही घेऊन बसलं. रात्री त्याचा फोन आला, "आत्या, अजून काही शिष्यवृत्त्या असतात का गं? जर्मनीतल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नसते म्हणतात, खरं का?"

खरं आहे. पण तिथंही वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, भाषा शिकावी लागते आणि वर्षभर जास्त थांबावं लागेल. तेही वहीत मांड म्हटलं.