ओट्याचे दोन इंच

आमची इमारत पुनर्विकासाला गेली, त्या काळातली गोष्ट. रविवारी सकाळी सभासदांची बैठक होती आणि विषयपत्रिकेवर सर्वांत शेवटी ‘स्वयंपाकघरातील ओट्याचे ग्रॅनाइट’ हा विषय होता. पार्किंग आणि वाढीव क्षेत्रफळ यांवर कडाकडा भांडून झालेली मंडळी तोवर चहा-बिस्किटं संपवून सैलावली होती. बिल्डरच्या माणसानं टेबलावर तीन तुकडे मांडले. एक कुळकुळीत काळा, एक काळ्यावर सोनेरी टिकल्यांचा, एक तांबूस. झालं! पुढचा तासभर चर्चा नुसती रंगली. काळ्या रंगानं खोली अंधारी होते, तांबूस जुनाट दिसतो, टिकल्यांवर झुरळ दिसत नाही, असे एकेक मुद्दे निघाले. बोलणारे बहुतेक पुरुष होते, पण आम्ही पाच-सहा बायका होतो त्याही रंगावरच बोललो. मी सोनेरी टिकल्यांना मत दिलं आणि विजयी मुद्रेनं घरी आले.

घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाई कणीक मळत होत्या. त्यांना उत्साहानं सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “काकू, ओटा उंच केवढा करणार?”

“ते बिल्डर बघेल की,” मी म्हटलं.

“मग तेवढा तो जुना पाट टाकू नका. लागेल मला.”

मग कळलं, की कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीत त्या ज्या दोन घरी जातात, तिथं त्या पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटतात. ओटे सुंदर आहेत, आरशासारखे. पण त्यांच्या उंचीला दोन इंच जास्त. पाट नसेल तर खांदे वर ओढून लाटावं लागतं आणि रात्री हात उशीवर ठेवता येत नाही.

मी ओशाळले. ओशाळण्याचं कारण असं, की आयुष्यातली तीसेक वर्षं मी बँकेत काढली आणि त्यातली बरीच गृहकर्जाच्या टेबलावर. घरदुरुस्तीची शेकड्यांनी एस्टिमेट्स माझ्या हाताखालून गेली. त्यांत एक ओळ ठरलेली असायची : किचन प्लॅटफॉर्म, ग्रॅनाइट टॉप, इतके रनिंग फूट, दर अमुक, रक्कम तमुक. लांबी असायची, रुंदी असायची, उंचीचा रकाना मात्र कधी पाहिल्याचं आठवत नाही. आणि मीही कधी विचारलं नाही. ज्याचा रकाना नाही, त्याचा खर्च नाही, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. तो खर्च मग कुणाच्या तरी मानेतून आणि खांद्यातून वसूल होतो.

माझी आई चुलीपुढं बसून स्वयंपाक करायची. गॅसची शेगडी आली आणि स्वयंपाकघर उठून उभं राहिलं. त्या उभ्या ओट्यानं आमच्या पिढीवर उपकारच केले. गुडघे वाचले, धूर गेला, सकाळची बस गाठता आली. पण बसणाऱ्या बाईला जमीन सारखीच असते, उंच असो की ठेंगणी. उभं राहिल्याबरोबर उंचीचा प्रश्न आला आणि तो आपण गवंड्यावर सोपवला.

आपल्याकडे ओटे बहुधा ३२ ते ३४ इंचांचे होतात. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत ३६ इंचांचा रिवाज आहे आणि चकचकीत मासिकांतल्या चित्रांबरोबर ती उंचीही आपल्याकडे येते. आता हिशेब करून पाहा. पाच फुटांच्या आसपासच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर असतं. उभ्यानं काम करताना पृष्ठभाग कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, आणि जोर लावायचं काम असेल तर आणखी खाली. कणीक मळणं नि पोळी लाटणं हे जोराचंच काम. त्यात पोळपाटाची उंची मिळवा. शेगडी ओट्यावर ठेवली की ती आणखी चारेक इंच वर, तिच्यावर कढई. ३४ इंचांच्या ओट्यावर भाजी परतणारी ठेंगणी बाई खरं तर कोपराच्या वर आलेल्या भांड्यात हात घालत असते.

आणि एक गंमत. आपण मिस्त्रीला ३२ सांगावं आणि ३४ व्हावं, असंही होतं. खाली कडाप्पा, वर सिमेंटचा थर, त्यावर पाऊण इंच ग्रॅनाइट. माप कुठपर्यंतचं, हे ठरलेलं नसलं तर हे सगळं चढत जातं. म्हणून लाद्या बसलेल्या जमिनीपासून ग्रॅनाइटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, असं माप कागदावर लिहून द्यावं. त्याला एक पैसा जादा पडत नाही.

दगडाचं महत्त्व मी कमी करत नाही. माझ्या जुन्या कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबं चिरायची जागा पांढुरकी पडली होती. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, संगमरवरही त्याच कुळातला. लिंबू, चिंच, व्हिनेगर त्यांना खातात. ग्रॅनाइट पृथ्वीच्या पोटात सावकाश थंड होऊन घडलेलं असतं, त्यातल्या गारेला नि फेल्स्पारला लिंबाची मातब्बरी नाही. बाजारात काळं ग्रॅनाइट म्हणून मिळणारे कित्येक दगड भूशास्त्राच्या हिशेबानं ग्रॅनाइट नसतात, पण ओट्याला तेही उत्तम. त्या सोनेरी टिकल्यांचा दगड आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीच्या खाणींतला. दुकानात गेलात तर नमुन्याचा तुकडा घरी मागा. त्यावर लिंबू पिळून पंधरा मिनिटं ठेवा. चमक गेली तर तो दगड ओट्याचा नव्हे. पाण्याचे थेंब ठेवा. डाग गडद होऊन राहिला तर दगड पाणी पितो. नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेलं फडकं घासा. काळं झालं तर रंग निसर्गाचा नाही. आणि आरशासारखा काळा घ्यायचा असेल, तर पिठाचं प्रत्येक बोट त्यावर दिसणार आहे, हे पुसणाऱ्या माणसाला आधी विचारा.

माणसाला विचारा, यावरून आणखी एक. हा दगड पुष्कळदा आपल्याच इमारतीच्या खाली कापतात. यंत्र सुरू झालं की पांढरा ढग उठतो आणि त्यात नाकाला रुमाल बांधलेला एक पोरगा उभा असतो. ती गारेची धूळ फुप्फुसात साठते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला बरं करणारं औषध नाही. कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत ही गार पुष्कळदा नव्वद टक्क्यांवर असते. या आजारापायीच ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली. पाणी सोडून कापलं तर धूळ बरीच बसते. चिखल होतो, वेळ जातो, म्हणून टाळतात. ‘पाणी सोडून कापा आणि तोंडाला नीट मास्क लावा’ एवढं आपण ठणकावून सांगू शकतो. दर ठरवताना घासाघीस करतो, तेव्हा आवाज फुटतोच ना आपल्याला?

यावर कुणी म्हणेल, घरात सासू ठेंगणी, सून उंच, करायचं काय? आमच्याकडेही हाच पेच आला. आमचे हे पावणेसहा फूट. हल्ली भांडी घासतात, वाकून कंबर दुखते म्हणतात. माझं उत्तर साधं आहे : जो सर्वांत जास्त वेळ उभा राहतो, त्याचं माप. आणि जमत असेल तर ओट्याचा दोन-अडीच फुटांचा एक तुकडा वेगळ्या उंचीचा करावा. आम्ही पुढच्या बैठकीत तेवढी मागणी केली. बिल्डरच्या माणसानं आधी कपाळाला हात लावला, मग प्रत्येक फ्लॅटचं माप लिहून घेतलं. जड काहीच नव्हतं. विचारलं कुणी नव्हतं, एवढंच.

माप घेण्याच्या दिवशी मी बाईंना टेपपाशी उभं केलं. त्या संकोचल्या. म्हणाल्या, “माझं कशाला? घर तुमचं.” मी म्हटलं, “घर माझं, पण खांदा तुमचा.” त्यांच्या मापानं ३० इंचांचा तुकडा झाला, माझ्या मापानं उरलेला ओटा. पावणेसहा फुटांची तक्रार अजून नोंदीवर आहे. रोज दोन्ही वेळा स्वयंपाक करू लागलात तर मोरीची बाजू उंच करू, असं मी त्यांना लेखी कळवलं आहे.